फ्रिजमधला वायू आणि आभाळाचं छप्पर

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. खारघरच्या आमच्या घरातला जुना एसी अखेर बंद पडायला आला. तो काढून नवा बसवायचं ठरलं. कामाला आलेला मुलगा ओळखीचाच, आमच्या पनवेलच्या मोहल्ल्यातला. बाल्कनीबाहेरच्या युनिटवर वाकून त्यानं पान्यानं नट सैल केला आणि फुस्स असा मोठा आवाज झाला. पांढरट वाफ बाहेर पडली आणि क्षणात दिसेनाशी झाली.

मी विचारलं, ‘‘काय रे, काय झालं?’’

‘‘काही नाही चाचा. जुना बावीस नंबरचा गॅस होता, सोडून दिला. वास नाही, विष नाही. हवेत मिसळला, संपला.’’

मी मान डोलावली आणि आत जाऊन त्याला चहा टाकायला सांगितलं. शेजारचे काका मात्र दारातूनच म्हणाले, ‘‘अहो, असल्याच गॅसनं ओझोनला भोक पडलंय. म्हणून तर ऊन असं भाजतंय. इथं आपल्या खारघरच्या मैदानात १६ एप्रिल २०२३ रोजी पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हानं १४ जीव गेले, विसरलात का?’’

ते कोण विसरेल? पण त्या रात्री मला झोप लागेना, ती वेगळ्याच कारणानं. ‘हवेत मिसळला, संपला,’ असं तो मुलगा म्हणाला होता. ‘त्या भोकामुळेच ऊन भाजतं,’ असं काका म्हणाले होते. दोघांचंही बोलणं मला तेव्हा खरं वाटलं होतं. मी बीएचा माणूस, त्यातून कविता लिहिणारा. विज्ञानाशी संबंध शाळेपुरता. तरी पुस्तकं काढून बसलो, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं की दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं होतं. राहिलेलं अर्धं आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी ओझोन म्हणजे काय ते पाहू. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन अणू असतात. तीन अणू एकत्र आले की होतो ओझोन. त्याला तिखट, झोंबणारा वास असतो आणि त्या वासावरूनच त्याला ग्रीक शब्दावरून हे नाव मिळालं. हा वायू जमिनीलगत असला तर वाईटच. वाहनांच्या आणि कारखान्यांच्या धुरावर ऊन पडलं की तो खाली तयार होतो, छातीला त्रास देतो, दमा वाढवतो. पण जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर हाच वायू आपला राखणदार असतो. तिथं सूर्याच्या अतिनील किरणांनी प्राणवायूचे रेणू फुटतात, त्यातून ओझोन बनतो, पुन्हा मोडतो, पुन्हा बनतो. गावच्या विहिरीसारखं हे आहे. एकीकडून झरा, दुसरीकडून उपसा. पण पाण्याची पातळी टिकून राहते.

आपण त्याला ‘थर’ म्हणतो म्हणून जाडजूड गोधडी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवरच्या दाबाखाली आणि शून्य अंश तापमानात पसरला, तर त्याची जाडी भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. आमच्या कोकणी घरांत होणाऱ्या तांदळाच्या भाकरीएवढी! आपल्या उष्ण कटिबंधात तर ती मुळातच थोडी कमी असते. एवढ्याशा भाकरीवर पृथ्वीवरचं सारं जीवन तगून आहे.

ही भाकरी नेमकं काय अडवते? अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. सर्वांत घातक ‘सी’ किरण वरच्या वर संपतात. ‘ए’ किरण बहुतेक सगळे खाली येतात. मधले ‘बी’ किरण मात्र मोठ्या प्रमाणात ओझोन अडवतो. ओझोन घटला की हे ‘बी’ किरण जास्त खाली उतरतात. त्यांनी कातडी भाजते, त्वचेचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, काही पिकांची वाढ खुंटते आणि समुद्राच्या वरच्या पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींना इजा होते. मासळीची सगळी साखळी या सूक्ष्म वनस्पतींवरच उभी असते.

खारघरमध्ये अॅक्ट्रेक ही कॅन्सरवर उपचार आणि संशोधन करणारी मोठी संस्था आहे. त्यामुळे कॅन्सर म्हटलं की इथला माणूस दचकतोच. तर एक दिलासा असा, की आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य या किरणांपासून आपलं बरंच रक्षण करतं. गोऱ्या लोकांच्या ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कॅन्सरचं जे प्रमाण आहे, ते आपल्याकडे नाही. पण डोळ्यांना अशी ढाल नाही. अमेरिकेत मेरीलँडच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या ८३८ जणांचा एक अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्यांच्या डोळ्यांवर आयुष्यभर ‘बी’ किरण जास्त पडले, त्यांच्यात एका प्रकारचा मोतीबिंदू जास्त आढळला. हे वाचताना मला उरण-पेणची मिठागरं आठवली. पायाखाली पांढरं मीठ, पुढ्यात चकाकतं पाणी, आणि डोळे बारीक करून दिवसभर फावडं ओढणारी आमची आगरी माणसं. ऊन त्यांच्या डोळ्यांत वरूनही येतं आणि खालूनही.

आता वायूची कथा. पूर्वी थंडावा निर्माण करणाऱ्या यंत्रांत अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड वापरत. बंदरांजवळच्या बर्फाच्या कारखान्यांत आजही अमोनिया असतो. तो गळला तर डोळ्यांतून पाणी काढतो आणि जास्त गळला तर जीव घेतो. असा वायू घरात कोण ठेवणार? १९३० च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली या शास्त्रज्ञानं सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन या गटातला वायू पुढे आणला. तो विषारी नव्हता, पेटत नव्हता. ते दाखवण्यासाठी मिजलीनं शास्त्रज्ञांच्या सभेत हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हा वायू फ्रिजमध्ये आला, गादीच्या फोममध्ये आला, सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांत आणि दम्याच्या पंपातही आला.

आमच्या घरी तो १९८४ मध्ये आला. मी तेव्हा सातवीत होतो. अब्बांनी हप्त्यांवर १६५ लिटरचा फ्रिज आणला, गल्लीतला पहिला. रमजानात इफ्तारच्या आधी मोहल्ल्यातली पोरं वाटी घेऊन बर्फ मागायला दारात उभी राहत आणि अम्मी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नसे. त्या फ्रिजमध्ये ‘बारा नंबर’चा सीएफसी होता, फार तर शंभर-दीडशे ग्रॅम. कुणाच्या मनात तरी आलं असेल का, की या सरबताच्या थंडाव्याचा आभाळाशी काही संबंध आहे?

ज्यांच्या मनात आलं ते दोन शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात होते. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड. सीएफसी कशाशीच संयोग पावत नाही, पावसात धुऊन जात नाही, मग तो शेवटी जातो कुठे, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तर त्यांनी १९७४ मध्ये मांडलं. तो हळूहळू वर जातो, ओझोनच्या उंचीवर पोचतो, आणि तिथले अतिनील किरण त्याला फोडून क्लोरीन मोकळा करतात. हा क्लोरीन ओझोनचा रेणू मोडतो आणि स्वतः मात्र शाबूत राहतो. मग दुसरा मोडतो, तिसरा मोडतो. क्लोरीनचा एक अणू असे एक लाखापर्यंत रेणू मोडू शकतो. विहिरीच्या तळालाच भगदाड पाडावं तसं हे झालं. झरा तेवढाच, पण पाणी उतरत गेलं. पॉल क्रुटझन यांनी नायट्रोजनच्या संयुगांचा ओझोनवर काय परिणाम होतो ते आधीच दाखवलं होतं. या तिघांना १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण १९७४ मध्ये हे सारं कागदावरचं गणित होतं. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथल्या मोजण्या प्रसिद्ध केल्या, आणि जग हादरलं. तिथल्या वसंतात, म्हणजे आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओझोन प्रचंड घटत होता. हेच ते प्रसिद्ध भोक. पुढे काही वर्षी त्याचा विस्तार भारताच्या आठपट झाला.

वायू सोडले जगभरातल्या शहरांनी, मग भोक तिथंच का? कारण तिथली लांब, काळोखी रात्र. उणे ७८ अंशांच्याही खाली गेलेल्या थंडीत तिथल्या उंच हवेत एक विशिष्ट प्रकारचे ढग तयार होतात. त्यांच्या बर्फकणांवर क्लोरीन जणू दबा धरून बसतो आणि वसंतातला पहिला सूर्यप्रकाश पडला की ओझोनवर तुटून पडतो. आपल्या आभाळात ती थंडी नाही, ते ढग नाहीत. म्हणून खारघरवर भोक नाही, मुंबईवर नाही, भारतावर कुठेच नाही.

काकांच्या बोलण्यातला चुकीचा भाग तो हाच. उन्हाचा दाह वेगळा आणि अतिनील किरण वेगळे. त्या दिवशी मैदानात माणसं गेली ती उष्माघातानं. अंगाची उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची शक्ती संपल्यानं. ओझोनच्या भोकाचा त्याच्याशी संबंध नाही. तापमान वाढतंय ते मुख्यतः कोळसा आणि तेल जाळल्यानं हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. आपल्या मुलांच्या निबंधांत ‘ओझोन वाचवण्यासाठी झाडे लावा’ असं हमखास असतं. झाडं जरूर लावावीत, पांडवकड्याच्या डोंगरावर तर लावावीतच. पण झाडांनी ओझोनचा थर भरून येत नाही. रोग एक आणि औषध दुसरंच, असं होऊ नये.

आभाळाची ही नाडी मोजणाऱ्यांत आपली माणसंही होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. केरळातल्या पीरमेडच्या अॅना मणी १९४८ मध्ये या खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात दाखल झाल्या. १९६० च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बनावटीचं ओझोन मोजणारं यंत्र तयार केलं. मोठ्या फुग्याला बांधलेलं हे हलकं यंत्र आभाळात चढत जातं, वाटेतली हवा एका द्रावणातून खेळवतं, ओझोन असेल तेवढा विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि तो आकडा रेडिओलहरींवरून खाली येतो. म्हणजे आभाळ आपल्याशी नभोवाणीवरूनच बोलतं म्हणायचं! आपलं हे यंत्र पुढे अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’ या भारतीय केंद्रावरूनही वर गेलं आणि त्या भोकाच्या मोजमापात आपलाही हातभार लागला. अॅना मणी २००१ मध्ये गेल्या. ना त्यांचं नाव घरोघरी पोचलं, ना त्यांच्या फुग्यांचं.

मोजमाप हाती आलं आणि जगानं एक विरळा शहाणपणा दाखवला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल इथं करार झाला. हे वायू टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरलं. हाच दिवस आता जागतिक ओझोन दिन म्हणून पाळला जातो. भारतानं मात्र लगेच सही केली नाही. आपला सवाल रास्त होता. भोक पाडलं श्रीमंत देशांनी, मग गरिबाच्या घरात आत्ता कुठे आलेला फ्रिज महाग का करायचा? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी ही बाजू लावून धरली. गरीब देशांना नवं तंत्र घेण्यासाठी पैसा देणारा निधी त्या बैठकीत मान्य झाला आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला. २००० मध्ये आपल्याकडे या वायूंवर नियम आले. १ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे ठरल्या मुदतीच्या १७ महिने आधी, भारतानं सीएफसीचं उत्पादन थांबवलं. औषधी पंपांपुरती सवलत होती, पुढे तीही उरली नाही. २००९ पर्यंत जगातल्या प्रत्येक देशानं या कराराला मान्यता दिली होती. इतकी सर्वमान्यता त्याआधी कोणत्याच कराराला मिळालेली नव्हती.

फळ काय मिळालं? ओझोन खाणाऱ्या, बंदीतल्या वायूंपैकी सुमारे ९९ टक्के वापरातून गेले. शास्त्रज्ञांच्या अलीकडच्या अहवालानुसार, नियम असेच पाळले गेले तर जगाच्या बहुतेक भागावर ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर त्याला २०६६ च्या आसपासचा काळ लागेल. मध्यंतरी पूर्व चीनमधून बंदी असलेला एक सीएफसी चोरून हवेत जात होता. २०१८ मध्ये मोजणाऱ्यांनी तो हवेतच पकडला आणि नंतर ती गळती घटली. पहारा ठेवला तरच छप्पर टिकतं.

मग आमच्या एसीतल्या वायूचं काय? ‘बावीस नंबर’ हा सीएफसीच्या जागी आलेला धाकटा भाऊ. ओझोनला त्याचा त्रास जुन्या सीएफसीच्या वीसाव्या हिश्शाएवढा. पण त्रास आहेच. म्हणून तोही हद्दपार होतो आहे. २०३० पासून आपल्यासारख्या देशांत तो केवळ जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरता किरकोळ उरेल आणि २०४० मध्ये तोही संपेल. त्यानंतर ‘चारशे दहा’ आणि ‘बत्तीस’ नंबरचे वायू आले. ते ओझोनला हात लावत नाहीत. पण इथं दुसरी मेख आहे. हे सगळेच वायू उष्णता धरून ठेवतात. एक किलो बावीस नंबर सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप वाढवतो. एक किलो चारशे दहा दोन हजार किलोंहून जास्त. बत्तीस नंबर पावणेसातशे किलोंइतका. घरातल्या एका एसीत साधारण किलोभर वायू असतो. म्हणजे त्या दिवशी ‘फुस्स’ होऊन गेलं ते काय होतं, याचा हिशेब तुम्हीच करा.

काकांच्या बोलण्यातला खरा भाग तो हा. भोकामुळे ऊन भाजत नाही, पण भोक पाडणाऱ्या वायूंचं हे सगळं खानदान ऊन वाढवण्यात मात्र सामील आहे. म्हणूनच २०१६ मध्ये किगाली इथं हे नवे वायूही कमी करायचं ठरलं. भारतानं २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जाईल. वाट नाही असं नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळला गोदरेजच्या कारखान्यात प्रोपेन या साध्या वायूवर चालणारे एसी तयार झाले आणि २०१२ पासून बाजारात आले. ओझोनला त्याचा काही धोका नाही, ताप वाढवण्याची ताकद नगण्य. फक्त तो पेट घेतो, म्हणून हात शिकलेला हवा.

शेवटी गोष्ट हातावरच येते. करार सरकारांनी केला, वायू कारखान्यांनी बदलले. पण आता उरलेला वायू आहे तो तुमच्या-माझ्या बाल्कनीत. तेव्हा एसी काढायचा असेल तर मेकॅनिकला आधी सांगा, ‘पंप डाऊन कर.’ यंत्र चालू असेल तर वायू बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडता येतो. बंद असेल तर वेगळ्या यंत्रानं सिलिंडरमध्ये भरता येतो. त्याचे थोडे जास्त पैसे द्या, कारण त्याचा वेळ जातो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर तो ‘संपत’ नाही, गळतो आहे. आधी गळती काढा, मग वायू भरा. जुना फ्रिज नळी कापणाऱ्या भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे द्या. एसी २४ अंशांवर ठेवा. आणि दुपारच्या उन्हात काम करणाऱ्या माणसाला टोपी, पाणी आणि जमलं तर अतिनील किरण अडवणारा चष्मा मिळेल असं पाहा.

अब्बांचा तो फ्रिज आम्ही १९९९ मध्ये भंगारात दिला. भंगारवाल्यानं दारातच तांब्याची नळी कापली होती, तो आवाज मला अजून आठवतो. बारा नंबरचा वायू हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. अब्बा गेले, अम्मी गेली, मोहल्ल्यात इमारती उभ्या राहिल्या. पण आमच्या घरातला तो वायू बराचसा अजून वरच आहे आणि माझ्या नातवंडांच्या काळातही थोडाफार असेल. ‘हवेत मिसळला, संपला,’ हे वाक्य खोटं ठरतं ते इथं.

त्या मुलाला मी परत बोलावलं. रागावलो नाही; चूक माझीही होती, मान मीच डोलावली होती. हे सगळं सांगितलं. तो ऐकून घेत म्हणाला, ‘‘चाचा, हे आम्हाला कुणी सांगतच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, लवकर उरक.’’ मध्यंतरी शेजारच्या काकांचाही एसी निघाला. मी बाल्कनीतून पाहत होतो. त्यानं आधी मीटर लावला, एक वॉल्व्ह बंद केला, यंत्र चालू ठेवून थोडा थांबला, मग दुसरा वॉल्व्ह बंद केला. काका घड्याळ बघत होते.

नट सैल केला तेव्हा आवाज झाला नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)